खाडा

आमच्या घरी पैशांचा विषय निघाला की सौ. आत स्वयंपाकघरात जाते आणि मी वर्तमानपत्र उघडतो. ही आमची बावीस वर्षांची रीत आहे, आणि तिच्यावर संसार बरा चालला आहे असे मी अगदी परवापरवापर्यंत समजत होतो. ती रीत मोडायला कारण झाला एक साधा छापील अर्ज.

गेल्या वर्षी आमची थोरली मुलगी बारावी होऊन बी. एस्सी.साठी पुण्याला निघाली. आमच्या घराण्यातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. मी स्वतः मॅट्रिकच्या, म्हणजे आताच्या भाषेत दहावीच्या, पुढे गेलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, सातारा जिल्ह्यातल्या आमच्याच गावी एका खाजगी शाळेत मुलांना रंग कालवायला शिकवू लागलो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. अक्षर वळणदार असल्यामुळे घरातले सगळे अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे असते. तसा तिच्या वसतिगृहाचा अर्जही माझ्याकडे आला. नाव, गाव, रक्तगट, पुण्यातले स्थानिक पालक, हे सारे मी झोकात लिहून काढले. शेवटच्या पानावर मात्र माझा हात थांबला. तिथे ‘भोजनव्यवस्था’ असे शीर्षक होते आणि खाली दोन चौकटी होत्या. एकीत खूण करायची होती.

पहिली चौकट पूर्ण महिन्याची. दोन्ही वेळचे जेवण, रविवारी रात्री खानावळ बंद, महिन्याचे चार हजार रुपये. सलग पाच दिवस गैरहजर राहिल्याखेरीज खाडा मिळणार नाही. ज्यांना खानावळीचा अनुभव नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी सांगतो, खाडा म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे हिशेबातून वळते करणे. दुसरी चौकट कूपनांची. तीस कूपनांचे एक पुस्तक, दोन हजार चारशे रुपये. जेवाल तेव्हा एक कूपन फाडून द्यावे. न जेवाल तर ते तुमच्याच पिशवीत राहील.

मी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे तसा कागद घेऊन बसलो. कूपनाचे जेवण ऐंशी रुपयांना पडते. म्हणजे महिन्यात पन्नासाहून अधिक वेळा जेवली तर पूर्ण महिना स्वस्त, कमी वेळा जेवली तर कूपने स्वस्त. चार रविवारच्या रात्री सोडल्या तर महिन्याची जेवणे छप्पन. दोनदा शनिवार-रविवार घरी येईल, त्याची चार गेली. एखादे दिवशी प्रयोगशाळेत उशीर, कधी मैत्रिणीचा वाढदिवस, कधी नुसताच कंटाळा, अशी आणखी सात धरली. उरली पंचेचाळीस. महिन्याला चारशे रुपये वाचत होते. आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक शेजारी बसले होते. त्यांनी हिशेब तपासून पाहिला आणि मान डोलावली.

घरी येऊन मी मुलीला सांगितले, “हे बघ पोरी, मी कूपनांची चौकट निवडली आहे. तुला बंधन नको. हवे तेव्हा जेव, नको तेव्हा जेवू नकोस. तू आता मोठी झालीस.”

हे बोलताना मला आपण फार पुढारलेले बाप आहोत असे वाटले, हे कबूल केले पाहिजे. चारशे रुपयांचा उच्चारही मी केला नाही. दोन महिन्यांसाठी तीन पुस्तकांचे पैसे भरले आणि तिला गाडीत बसवून दिले.

गणपतीला ती घरी आली. दोन महिने भरायला आठवडाभर उरला होता. सौ.ने दारातच तिच्या दंडाला हात लावून पाहिला. बायकांचे हे मोजमाप वजनकाट्याहून खरे असते. दुसऱ्या दिवशी धुण्यासाठी पिशवी रिकामी करताना तळातून कूपने निघाली. एक पुस्तक पुरते कोरे, आणि दुसऱ्यातली बावीस शिल्लक. नव्वदांतली बावन्न उरली होती. सात आठवड्यांत आमची मुलगी अडतीस वेळा जेवली होती. बाकीच्या वेळी शेंगदाणे, केळी, चहात बुडवलेली बिस्किटे आणि कोणा मैत्रिणीच्या डब्यातली अर्धी चपाती.

सौ. रडू लागली. मी रागावलो. ओशाळलेल्या माणसाला राग लवकर येतो. मुलगी मात्र शांत होती. म्हणाली, “बाबा, कोरे पुस्तक परत घेतात तिथे. पूर्ण पैसे मिळतात. आणि तुम्हीच म्हणालात ना, हवे तेव्हा जेव म्हणून?”

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वर्ष लागले आहे, आणि ते पुरते सापडले आहे असे अजूनही वाटत नाही.

माझ्या दोन कादंबऱ्यांत उपाशी माणसे आहेत. एकीत तर भुकेचे वर्णन सलग चार पाने चालते आणि ते वाचून एका वाचकाने मला डोळ्यांत पाणी आल्याचे पत्र पाठवले होते. तोच मी, दर रविवारी फोनवर “जेवलीस का?” असे विचारत होतो, “हो” असे ऐकत होतो आणि समाधानाने फोन ठेवत होतो.

मी तिला खरोखर काय दिले होते? मी समजत होतो, स्वातंत्र्य दिले. पण ज्या मुलीने लहानपणापासून पैशांचा विषय निघताच आईला उठून जाताना आणि बापाला वर्तमानपत्राआड लपताना पाहिले आहे, तिच्या हातात ऐंशी रुपयांचा एकेक तुकडा देऊन ‘हवे तर खा’ म्हणणे याचा अर्थ वेगळा होतो. प्रत्येक जेवणाच्या वेळी तिने भूक आणि बाप यांच्यातून एकाची निवड करायची, असा तो अर्थ होतो. काटकसर करायची होती मला. ती करताना होणारा त्रास मला नको होता, म्हणून निर्णय तिच्याकडे सोपवून मी मोकळा झालो, आणि त्याला नाव दिले विश्वास.

परक्याच्या घरचे जेवण आणि विद्यार्थी, हे नाते आपल्याकडे जुने आहे. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याची सात घरे. कोणी दारोदार हिंडून माधुकरी मागत. त्या अन्नावर शिकून मोठी झालेली माणसे आपण आदराने आठवतो आणि आठवावीच. पण त्या ताटाला एक अदृश्य चव होती मिंधेपणाची. मंगळवारच्या घरी सुतक आले तर मंगळवारी उपास. यजमानांनी विनोद केला तर हसले पाहिजे. आमटी खारट झाली तर ती गोड मानली पाहिजे. पैसे मोजून जेवण्याची खानावळ निघाली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली असतील. मला मात्र वाटते, ज्या दिवशी विद्यार्थी ‘आज मीठ जास्त झाले आहे’ असे मोठ्याने म्हणू शकला, त्या दिवशी त्याच्या पाठीचा कणा थोडा सरळ झाला.

आमच्या बाजूला याची दुसरीच तऱ्हा झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह उभे केले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहिली आणि एका पंक्तीला जेवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा विकले, ही हकीकत साताऱ्याकडे घरोघरी माहीत आहे. माझे आजोबा पुढे अशाच एका बोर्डिंगात राहून व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकले. पाळीपाळीने दळण, पाळीपाळीने भाकऱ्या. भाकरी जाड, आमटी पातळ, आणि दुसरे काही मागायची सोय नाही. म्हणजे निवड म्हणून काही नव्हतेच. तरीही म्हातारपणी ते बोर्डिंगविषयी बोलत तेव्हा त्यांचा चेहरा खुलत असे. “किती खाल्लीस, असं कुणी विचारलं नाही,” हे त्यांचे पालुपद. लहानपणी मला त्यात विशेष काही वाटले नाही. आता वाटते, त्यांनी ताटाची सगळी महती त्या एका वाक्यात सांगितली होती.

मुलीची कूपने सापडल्यानंतर मला आणखी एक गोष्ट आठवली. २०१८ साली राज्य शासनाने आदिवासी विद्यार्थ्यांच्या शहरांतल्या वसतिगृहांमधून खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात जमा करण्याचे ठरवले. वरून पाहता यात वाईट काय? पैसे हातात आले, आवडेल तिथे, आवडेल ते खावे. पण मुले त्याविरुद्ध उठली. जुलै महिन्यात पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, आणि नाशिकला पोचण्यापूर्वीच त्यांना अडवण्यात आले. आम्हाला पैसे नकोत, खानावळ द्या, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा बातमी वाचून मी मनाशी म्हटले होते, ही मुले वेडी की काय! रोख रक्कम मिळते आहे तर ती नको का म्हणतात?

आता माझ्या ध्यानात येते. ताटातला भात घरी पाठवता येत नाही. बँकेतला पैसा पाठवता येतो. घरी कोणी आजारी असेल, बियाणे घ्यायचे असेल, धाकट्या भावाची फी थकली असेल, तर खात्यातल्या पैशाकडे पाहून ज्याला भूक लागेल असा मुलगा विरळा. गरिबाच्या मुलाला निवड द्यायची म्हणजे पुष्कळदा त्याच्या माणुसकीलाच त्याच्या पोटावर सोडायचे.

माझ्या गणिताच्या स्नेह्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, “अहो मास्तर, मग प्रौढ माणसाला तुम्ही ताटावर बांधून ठेवणार का? पैसे भरून टाकले म्हणून पांचट वरण रोज निमूट गिळायचे? कूपन असले तर खानावळवाल्याला धाक असतो. जेवण वाईट झाले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.” हे खोटे नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या स्वयंपाक्याचा हात तेलाच्या बाबतीत कसा आखडतो, ते कोणत्याही वसतिगृहात पाहावे. शिवाय न जेवलेल्या ताटाचे पैसे भरणे हीही एक उधळपट्टीच. मला त्यांच्या म्हणण्यात चूक दाखवता येत नाही. एवढेच म्हणतो की त्यांनी माझा हिशेब तपासला तेव्हा त्यात एक आकडा मांडायचा राहिला होता, आणि तो त्यांना दिसण्यासारखाही नव्हता.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितले, “आता पूर्ण महिन्याचे पैसे भरतो. वाद नको.” म्हणजे आधी खोटे स्वातंत्र्य दिले आणि आता तेही काढून घेतले! ती म्हणाली, “भरा. पण त्याआधी मला सांगा, आपल्याकडे पैसे किती आहेत?”

सौ. सवयीने उठली. मुलीने तिचा पदर धरून तिला खाली बसवले.

मग मी कपाटातून बँकेचे पासबुक काढले, पतसंस्थेच्या कर्जाचे पुस्तक काढले, शाळेच्या पगाराची चिठ्ठी काढली. सौ.ने आपल्या शिवणकामाची वही आणली. त्या वहीत मला ठाऊक नसलेले दोन हजार रुपये निघाले, हा विषय निराळा. सर्वांत शेवटी माझ्या प्रकाशकाकडून आलेला वर्षाच्या मानधनाचा कागद मुलीने वाचला आणि ती मोठ्याने हसली. आकडा इथे देत नाही. लेखकांनी एकमेकांची लाज राखावी.

सगळे पाहून झाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, कर्ज याच्या तिप्पट असेल.”

आम्ही बोललो नाही, तेवढ्या वर्षांत तिने आमचे दारिद्र्य मनातल्या मनात वाढवत नेले होते. त्या न बोललेल्या कर्जाचे हप्ते ती आपल्या जेवणातून फेडत होती. मला वाटते, तिच्या सात आठवड्यांच्या उपासाला चार हजारांची चौकट किंवा कूपनांची चौकट जितकी कारण झाली, त्याहून माझे वर्तमानपत्र अधिक कारण झाले. पूर्ण महिन्याची चौकट निवडली असती तर ती उपाशी राहिली नसती, हे खरे. पण मग तिने ते हप्ते दुसऱ्या कशातून तरी फेडले असते, पुस्तकांतून, औषधातून, आणि मला ते कधी कळलेही नसते.

कोरे पुस्तक तिने परत केले आणि ते पैसे पुढच्या महिन्यात वळते करून घेतले. बावीस कूपनांचे काय केले ते मी विचारले नाही. खोलीत लातूरकडची एक मुलगी आहे, तिच्या घरून पैसे वेळेवर येत नाहीत, एवढे तिच्या बोलण्यात येऊन गेले.

या वर्षीचा अर्ज तिने स्वतःच भरला आणि मला फोनवर त्याचे छायाचित्र पाठवले. अक्षर माझ्याइतके चांगले नाही. चौकट पूर्ण महिन्याची आहे. गुरुवारी मटकीची उसळ असते आणि ती कच्ची राहते, अशी तक्रार दर गुरुवारी रात्री न चुकता येते. या महिन्यात मुलींनी मिळून लेखी तक्रारही केली म्हणे. रविवारी रात्री खानावळ बंद असते. त्या वेळी चौघीजणी विजेच्या किटलीत तांदूळ आणि मुगाची डाळ शिजवतात. किटली खोलीत ठेवायला बंदी आहे. पहिल्यांदा खिचडी खाली लागली आणि रेक्टरबाईंना वास आला. त्या वर आल्या, खोलीभर नजर फिरवली आणि “खिडकी उघडा गं,” एवढेच म्हणून निघून गेल्या.