वरून येणाऱ्याची जबाबदारी

मार्च २०२३मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात चाललेला एक खटला जगभरच्या लोकांनी मोबाइलवर पाहिला. अभिनेत्री ग्वेनेथ पाल्ट्रो आणि एक निवृत्त नेत्रतपासनीस २०१६ साली डिअर व्हॅलीच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग करताना एकमेकांवर आदळले होते. त्या गृहस्थांनी तिच्याकडे तीन लाख डॉलरची भरपाई मागितली. तिने उलट दावा ठोकला आणि फक्त एक डॉलर मागितला. रील्समध्ये गाजले ते तिचे स्वेटर आणि हावभाव. कोर्टात मात्र दोन्हीकडचे वकील दिवसेंदिवस एकाच प्रश्नावर भांडत होते : धडक झाली त्या क्षणी उतारावर खाली कोण होतं, आणि वरून कोण येत होतं? ज्युरीने दोष पूर्णपणे त्या गृहस्थांवर ठेवला आणि पाल्ट्रोला तिचा एक डॉलर मिळाला.

‘वर कोण होतं’ याला एवढं महत्त्व का? कारण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली उतारावरच्या वागणुकीचे नियम केले, त्यातला तिसरा नियम हेच सांगतो. मागून, म्हणजे वरून, येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. पुढचा नवशिका आहे की पट्टीचा, सरळ चाललाय की वेडावाकडा, याचा इथे संबंध नाही. सांभाळायचं वरच्याने.

मी जालन्यात राहतो. आमच्याकडे बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, आणि तो पडला की हातातोंडाशी आलेला गहू-हरभरा आडवा होतो. स्कीइंगशी बहुतेकांचा संबंध मनालीच्या सहलीत काढलेल्या फोटोपुरता. तरीही हा नियम वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण रस्त्यावर रोज ज्या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरतो, त्याचं तो अगदी वेगळं उत्तर देतो. सुरक्षितता ही जबाबदारी कुणाची?

आपलं उत्तर ठरलेलं आहे : ज्याची त्याची. आपला जीव आपण सांभाळावा. दोघांचा अपघात झाला तर ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असं म्हणून आपण दोष अर्धा-अर्धा वाटून मोकळे होतो. ऐकायला हे न्याय्य वाटतं. बर्फाच्या उतारावर मात्र टाळी एका हाताने वाजू शकते. खालच्याचे डोळे पुढे आहेत, वरून कोण सुटलंय ते त्याला दिसत नाही. वरच्याला मात्र खालचा संपूर्ण उतार दिसतो. वेग त्याच्याकडे आहे, वाट निवडायची मुभाही त्याच्याकडेच आहे. दोघांची ताकद सारखी नसेल तर दोघांची जबाबदारी सारखी कशी?

आता सामानाकडे वळू. सुरक्षितता म्हटलं की आपल्याला आधी सामानच आठवतं, आणि स्कीइंगच्या सामानात विचार करण्यासारखं बरंच आहे.

स्की म्हणजे दोन लांब पट्ट्या. पायात नडगीपर्यंत येणारे कडक बूट. बूट आणि पट्टी यांना जोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. पूर्वी हे बाइंडिंग पक्कं असायचं. माणूस पडला की पट्टी एकीकडे वळायची आणि अडकलेला पाय तिच्याबरोबर पिरगळला जायचा. यालमार व्हाम हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला स्कीपटू. १९३७मध्ये त्याचा पाय असाच मोडला आणि त्यानंतर त्याने पडताना आपोआप सुटणारं बाइंडिंग तयार केलं. आजचं बाइंडिंग त्याच तत्त्वावर चालतं : चालताना घट्ट धरायचं आणि पडताना सोडून द्यायचं.

पण किती जोर आल्यावर सोडायचं? ते आकडा लावून ठरवावं लागतं. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी विचारतात. आणि आणखी एक गोष्ट विचारतात, जी कुठल्याही काट्यावर मोजता येत नाही : तुम्ही स्की कसे करता? प्रकार एक म्हणजे सावकाश, जपून जाणारा. प्रकार तीन म्हणजे तीव्र उतारावर वेगाने जाणारा. दोन मधला. मित्रांसमोर शान राखायला नवशिक्याने ‘तीन’ सांगितलं तर खटका जास्त घट्ट बसवला जातो आणि हळू पडल्यावर सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. जगातलं उत्तम बाइंडिंग घेतलं तरी त्याला तुमच्याबद्दलची खरी माहिती तुम्हीच द्यावी लागते. सुरक्षिततेची सुरुवात स्वतःशी प्रामाणिक असण्यापासून होते, हे मला एका स्प्रिंगच्या खटक्याने शिकवलं. मनालीकडे मी ज्या टपरीवरून अर्ध्या तासासाठी स्की भाड्याने घेतले, तिथे मात्र फक्त बुटाचा नंबर विचारला होता.

बाइंडिंगलाच आणखी एक भाग असतो : ब्रेक. पायातून पट्टी सुटली की दोन छोटे दांडे खाली येऊन बर्फात रुततात आणि पट्टी जागीच थांबते. हा ब्रेक पडलेल्याच्या जिवासाठी नाही. तो खालच्या अनोळखी माणसासाठी आहे, कारण उतारावर सुटलेली मोकळी पट्टी भाल्यासारखी खाली जाते. म्हणजे सामान दोन जातींचं असतं. एक मला वाचवतं, दुसरं माझ्यापासून इतरांना वाचवतं.

पहिल्या जातीतलं सगळ्यात ओळखीचं सामान म्हणजे हेल्मेट. त्याच्याबद्दल मनात शंका ठेवू नये. २०१३च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधल्या मेरिबेलला फॉर्म्युला वनचा विजेता मायकेल शूमाकर स्कीइंग करताना खडकावर आपटला, तेव्हा हेल्मेट नसतं तर तो हॉस्पिटलपर्यंतही पोचला नसता असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हेल्मेट कुठे कमी पडतं हे कळायला दुसरी घटना पाहावी लागते. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियात डीटर आल्टहाउस हे जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याचे मुख्यमंत्री स्कीइंग करताना एका ४१ वर्षांच्या बाईवर आदळले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. ते गंभीर जखमी होऊनही वाचले. ती गेली. मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या न्यायालयाने त्यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरून ३३,३०० युरोंचा दंड केला.

या बातमीनंतर हेल्मेटच्या दुकानांत गर्दी उसळली. लोकांनी धडा घेतला तो असा : हेल्मेट असतं तर ती वाचली असती. कदाचित वाचली असतीही. न्यायालयाने मात्र वेगळीच गोष्ट तपासली : धडक कुणामुळे झाली? बाजाराने मरणारीकडून शिकायचं ठरवलं, कायद्याने आदळणाऱ्याकडे बोट दाखवलं. मला वाटतं, आपल्या समाजाने दुसरा धडा वगळून फक्त पहिलाच पाठ केलाय.

आपले आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हा आकडा भाषणात, पोस्टरवर, शाळेतल्या कार्यक्रमात सांगितला जातो आणि सांगायलाच हवा. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : ३२,८२५ पादचारी. त्यांना कुठलं हेल्मेट विकणार? अंबड चौफुलीवर भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजींनी कुठलं बाइंडिंग बसवायचं? त्यांचं सुरक्षा-सामान त्यांच्याजवळ नसतंच. ते दुसऱ्याच्या पायाखाली असतं, ब्रेकच्या रूपात.

जालन्याच्या रस्त्यावर या विचाराचं एक चालतं-फिरतं चित्र दिसतं. आमचं गाव लोखंडाचं. इथल्या कारखान्यांत बांधकामाच्या सळया बनतात आणि त्या भरलेली वाहनं सारखी ये-जा करत असतात. कधीकधी एखाद्या छोट्या गाडीच्या मागे सळया हातभर बाहेर आलेल्या असतात आणि टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं. त्या फडक्याचा अर्थ काय? ‘मी धोकादायक आहे, तुम्ही सांभाळा.’ स्कीच्या ब्रेकचा अर्थ नेमका उलटा : ‘मी धोकादायक आहे, म्हणून मी थांबतो.’ दोन्ही सुरक्षिततेचेच उपाय म्हणायचे, पण एक जबाबदारी ढकलतो आणि दुसरा ती उचलतो.

इथे कुणी विचारेल, मग खालच्याला सगळं माफ? नाही. त्याच नियमांत हेही आहे की उतारावर शिरताना किंवा थांबून पुन्हा निघताना वर-खाली बघून घ्या, आणि अरुंद जागी किंवा मागच्याला दिसणार नाही अशा जागी विनाकारण थांबू नका. पडलात तर लवकर बाजूला व्हा. घनसावंगी-अंबडकडे ऊसतोडीच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे लाल दिवा नाही, चमकती पट्टी नाही अशा अवस्थेत उभा असतो, तेव्हा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ‘तू मागून आलास’ म्हणणं अन्याय होईल. म्हणजे तत्त्व ‘खालचा नेहमी बरोबर’ असं नाही. ज्याला दिसतं त्याने बघायचं, आणि जो दिसणार नाही त्याने दिसण्याची सोय करायची. ज्याच्या हातात जेवढं, तेवढं त्याचं कर्तव्य.

हा विचार आपल्याला परका आहे असंही नाही. कन्नडच्या औट्रम घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आपल्या वाहतूक नियमांतही ते आहे. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलायला त्रास, हे त्यामागचं साधं कारण. उतरणाऱ्याकडे उताराची सोय आहे, म्हणून थांबण्याची तसदी त्याने घ्यायची.

मग प्रश्न उरतो : हे घाटात कळतं, तर सपाटीवर का विसरतं? मला वाटतं, सपाटीवर उतार दिसत नाही म्हणून. पण तो असतो. ट्रकवाला मोटारसायकलवाल्याच्या वर असतो, मोटारसायकलवाला सायकलवाल्याच्या, आणि सायकलवाला त्या भाजीवाल्या आजींच्या. समृद्धी महामार्गावरून उतरून आपण गावच्या रस्त्याला लागतो, तेव्हा अंगात अजून तोच वेग असतो आणि समोर शाळा सुटलेली असते. त्या क्षणी आपण डोंगराच्या माथ्यावर असतो, फक्त डोंगर दिसत नाही. शिवाय आपल्यापैकी जवळपास प्रत्येक जण एकाच दिवसात कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतो. खाली असताना आपल्याला नियम आठवतो, वर गेलो की ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ आठवतं.

चौथ्या नियमातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. पुढच्याला ओलांडून जाताना त्याच्या बाजूला इतकी जागा सोडायची की त्याने मुद्दाम किंवा नकळत कुठलीही हालचाल केली तरी धडक होऊ नये. ‘नकळत’ हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे पुढच्याला धडपडण्याचा हक्क आहे. त्याचा तोल जाईल, तो घाबरेल, उगाच डावीकडे वळेल, हे गृहीत धरूनच मी जायचं. सायकल शिकणारी मुलगी, गाडीचा हॉर्न ऐकू न येणारे आजोबा, नवी स्कूटी घेतलेली शिक्षिका : या सगळ्यांना आपण ‘येत नाही तर रस्त्यावर कशाला येता’ असं म्हणतो. स्कीचा नियम म्हणतो, येत नसलं तरी उतार त्यांचाही आहे.

काही जण म्हणतील, असं वागलं तर वेगाची मजाच गेली. मजा कमी होते हे खरं. पण स्कीइंग शिकवताना सरळ सुटायच्या आधी थांबायला शिकवतात : दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागचे भाग फाकवायचे, आतल्या कडा बर्फात दाबायच्या. ज्याला थांबता येतं त्यालाच वरच्या उतारावर नेतात. तिथे वेग हा कमावलेला हक्क आहे. आपल्याकडे तो शोरूममधून किल्लीबरोबर मिळतो.

इटलीने १ जानेवारी २०२२पासून स्कीच्या उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आणि हेल्मेटची सक्ती चौदा वर्षांखालच्यांवरून अठरा वर्षांखालच्यांपर्यंत वाढवली. दोन्ही जातींचं सामान एकाच कायद्यात. आपल्या मोटारसायकलीलाही थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. बहुतेक जण तो पोलिसांसाठी काढतात. कागदावर तो ‘तिसरा माणूस’ कायम असतो, डोळ्यांसमोर क्वचितच.

हेल्मेट घ्या, आयएसआय शिक्का बघून घ्या, आणि कोपरात न अडकवता डोक्यावर घालून पट्टा लावा. कधी गुलमर्गला किंवा औलीला गेलात तर बाइंडिंगचा आकडा लावून मागा आणि स्वतःचा प्रकार ‘एक’ सांगायला लाजू नका. एवढं पैशाने आणि थोड्या प्रामाणिकपणाने होतं. उरलेलं अर्धं काम कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्यासाठी गाडी सुरू करताना एवढंच बघावं लागतं की या रस्त्यावर आत्ता माझ्या खाली कोण आहे.