पटकी, गटारे आणि कर्माची किंमत

चुकीच्या समजुतीतून केलेले काम लोकांच्या भल्याचे ठरले, तर त्याचे पुण्य कर्त्याच्या पदरात पडते का? लंडनच्या गटारांच्या इतिहासात हा प्रश्न विटा-सिमेंटात उतरलेला दिसतो.

जोसेफ बॅझलजेट हे १८५६ ते १८८९ या काळात लंडनच्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचे मुख्य अभियंता होते. तेव्हा शहराचा मैला थेम्स नदीत जाई आणि अनेक घरांत पिण्याचे पाणीही त्याच नदीतून येई. पटकी दूषित हवेने पसरते, असे राज्यकर्ते आणि बहुतेक डॉक्टर मानत. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पाण्याकडे बोट दाखवले, पण त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटात शिरली आणि पैसा मंजूर झाला. खासदारांच्या नाकाने वैद्यकावर मात केली, असे म्हणायला हरकत नाही.

नदीला समांतर सुमारे १३२ किलोमीटरची मुख्य गटारे बांधली गेली. मैला शहराच्या पूर्वेला नेऊन ओहोटीबरोबर सोडायचा, अशी योजना होती. घालवायची होती दुर्गंधी; शुद्ध झाले ते पाणी. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा तिने मुख्यतः पूर्व लंडनमधले साडेपाच हजारांवर बळी घेतले. तिथलेच जाळे अजून अपुरे होते.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या उपयुक्ततावादाने पाहिले, तर अनेकांचे जीव वाचले एवढ्यावरच कृत्य चांगले ठरते. कर्त्याची समजूत चुकली होती, याने फरक पडत नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त याच मतावर आक्षेप घेतला. केवळ बाह्य परिणामांवरून कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असे त्यांचे म्हणणे. पण इथे बुद्धी शुद्ध असूनही ज्ञान खोटे होते, आणि शुद्ध बुद्धीने रोगाचे कारण कळत नाही.

हेतू आणि फळ यांच्यामध्ये आणखी एक जागा उरते, ती कारागिरीची. त्या काळी नवखे असलेले पोर्टलंड सिमेंट या कामात तपासून, ताकद मोजून वापरले गेले. पटकीचे कारण काहीही निघो, उतार चुकला नाही आणि सांधा गळला नाही, तर गटार आपले काम करणारच. कर्त्याच्या हातात खरोखर होते ते एवढेच, आणि श्रेयही मुख्यतः याच भागाचे मानावे लागेल.

हा युक्तिवाद नदीच्या खालच्या टोकाला मात्र अडतो. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट या गटारांची मुखे नदीत उघडतात तिथेच जवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे मेली. थोड्याच वेळापूर्वी तिथे मैला सोडला होता. कारागिरीत इथे काहीच खोट नव्हती. घाण दुसऱ्याच्या दारात नेण्याचा निर्णय आराखड्यातच होता. पुढे, १८८७ पासून, मैल्याचा गाळ जहाजांत भरून समुद्रात टाकला जाऊ लागला. ती पद्धत १९९८ पर्यंत चालली.