सहवास आणि सोसणे

संस्कृतात 'सह' या अव्ययाचा अर्थ बरोबर, आणि 'सह्' या धातूचा अर्थ सोसणे. दोहोंची सांगड घालून आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो, की ज्याला सोसता येते त्यालाच दुसऱ्याबरोबर राहता येते. श्रोते माना डोलवीत. परंतु सोसायचे कोणी, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही.

तो भिवंडीच्या आमच्या चाळीत पडला. घरी आम्ही एकटेच. चाळीत नळ एक, जिना एक. जिना झाडण्याची नि नळाजवळची मोरी धुण्याची पाळी घरोघर ठरलेली. आमच्या पाळीला आम्ही बहुधा कुठल्या तरी सप्ताहाला गेलेले असू. आणि घरी असलो, तरी बुवांच्या हाती केरसुणी कशी द्यावी, म्हणून शेजारच्या वहिनी आमचाही जिना झाडीत. आम्ही गप्प राहिलो. अशी वर्षे गेली. एका एकादशीला चाळीतच कीर्तन झाले. क्षमेवर आम्ही दीड तास बोललो. आरतीनंतर वहिनी नमस्काराला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, सगळं पटलं. पण क्षमेची पाळी दर वेळी माझीच कशी हो येते?"

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

एकत्र राहणे आपल्याला नवे नाही. याच भिवंडीत यंत्रमागावरच्या परगावच्या कामगारांच्या भिशा आहेत. महिन्याचे पैसे भरायचे आणि एका चुलीवरचे जेवायचे. कित्येकांची खोलीही पाळीपाळीने. रात्रपाळीचा गडी परततो तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असतो, चटई तीच. आपल्या दिंडीतही जेवणाच्या वर्गणीला भिशीच म्हणतात. दूर डेन्मार्क देशात १९७२ साली २७ कुटुंबांनी, प्रत्येकाचे घर वेगळे पण जेवणाबसण्याची जागा सामाईक, अशी वसाहत उभी केली. शेजाराची भूक सर्वांनाच आहे.

आता पूर्वपक्ष असा, की जिथे प्रेम आहे तिथे कोणी किती केले हे मोजू नये. हिशेब आला की प्रेम गेले. ऐकायला गोड आहे. पण न मोजण्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हेही पाहावे. आमच्या चाळीत तो आमच्या पदरात पडत होता.

याचे उत्तर शोधायला शास्त्रग्रंथ उघडावे लागले नाहीत. ते माउलींच्या पालखी सोहळ्यात दर मुक्कामी मिळते. समाज आरतीला दिंड्या जमतात. चोपदारांनी दंड उंचावला की टाळमृदंग थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, म्हणणे ऐकून घेतात. हरवल्यासापडल्या वस्तू पुकारल्या जातात. मग आरती. टाळ वाजवणाऱ्या त्या दिंडीला कोणी भक्तीत उणी म्हणत नाही. उलट तिचे ऐकल्यावाचून देवाची आरती पुढे सरकत नाही! एवढा मोठा समाज वर्षानुवर्षे एकत्र चालतो, तो नुसत्या सोसण्यावर नव्हे. सोसणाऱ्याला बोलायला जागा ठेवली आहे म्हणून.

तेव्हा आमचा सिद्धांत आता असा आहे. सोसणे हा गुण खराच. पण तो ज्याने त्याने स्वतःला सांगावा. दुसऱ्याला सांगू लागलो की त्याचा उपदेश होत नाही, आपली सोय होते.

असो. दुसऱ्या दिवसापासून केरसुणी आम्ही हाती घेतली. गुडघे बोलतात, मधल्या पायरीवर टेकावे लागते. आता चाळीत हरिपाठानंतर आधी तक्रारी ऐकतो, मग आरती. पहिली तक्रार आमचीच निघाली. वहिनी म्हणाल्या, "बुवा जिना झाडतात, पण कोपरे तसेच राहतात."

तक्रार खरी होती. हल्ली आम्ही कोपऱ्यांपासून सुरुवात करतो.

रामकृष्ण हरि.