फडक्यावर उरलेले

पाणी गाळण्याचे फडके हे स्वयंपाकघरातले सर्वांत साधे गाळणे. घागरीच्या तोंडावर दुहेरी सुती कापड टाकायचे, मधोमध हाताने खोलगट करायचे आणि वरून बेताने पाणी ओतायचे. संन्याशाने कापडाने गाळलेले पाणी प्यावे असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. बौद्ध भिक्षूच्या आठ वस्तूंत चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरपट्टा यांच्या जोडीला पाणगाळणेही मोजले जाते. जैन श्रावकाच्या घरी तर गाळणे हा रोजचा आचार. घरोघरी नळ आले तसे हे फडके बहुतेक ठिकाणी मागे पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा हाती घेतले गेले ते रोग अडवण्यासाठी, आणि त्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो : पाणी गाळायचे ते पिणाऱ्यासाठी, की पाण्यात राहणाऱ्यासाठी?

जैन आचाराचे उत्तर आधी पाण्यातल्या जिवांकडे पाहते. दिगंबर परंपरेत फडक्याचे मापही ठरलेले आहे : 36 अंगुळे लांब, 24 अंगुळे रुंद, आणि तेही दुहेरी करून. एकदा गाळलेले पाणी 48 मिनिटांपुरतेच, म्हणजे एका मुहूर्तापुरते, गाळलेले मानायचे. त्यानंतर पुन्हा गाळायचे. खरी कसोटी मात्र पाणी घागरीत पडल्यावर लागते. फडक्यावर राहिलेल्या सूक्ष्म जिवांना ‘जिवाणी’ म्हणतात. फडके उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे आणि ती जिवाणी जिथून पाणी आणले त्याच विहिरीत पोहोचवायची, कारण दुसऱ्या पाण्यात ते जीव जगतीलच असे नाही. वरून पाणी फेकले तर आपटून जीव मरतात, म्हणून बुडाशी कडे असलेली बादली वापरतात. ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि तिथे अलगद उलटी करायची. एवढे करूनही गाळणे अपुरेच असते, हे हा आचार मान्य करतो. जैन मतानुसार पाणी स्वतःच एकेंद्रिय जीव आहे आणि कोणतेही कापड त्याला वाचवू शकत नाही. फडक्याने वाचतात ते हलणारे, त्रस जीव.

बौद्ध विनयात भर निराळ्या जागी आहे. पाण्यात जीव आहेत हे जाणूनही ते वापरले तर भिक्षूला दोष लागतो; ‘जाणून’ हा शब्द नियमातच आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. दोन भिक्षू वाटेने निघालेले असतात. एकाकडे गाळणे नसते. तो सोबत्याकडे मागतो, सोबती देत नाही, आणि गाळणे नसलेला भिक्षू वाटेतच तहानेने मरतो. त्यावर नियम झाला की कोणी मागितले तर गाळणे नाकारायचे नाही, आणि जवळ गाळणेच नसेल तर संघाटीचा, म्हणजे बाहेरच्या चीवराचा, पदर त्या कामाला घ्यायचा. वस्त्राला इथे नवे काम मिळाले ते एका माणसाच्या मरणानंतर. जिवांसाठी बाळगलेले गाळणे माणसाच्या जिवापेक्षा मोठे होऊ नये, एवढे या नियमातून निश्चित दिसते.

नारूच्या रोगाने फडक्याचा दुसरा उपयोग पुढे आणला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. हातभर किंवा त्याहून लांब कृमी पायाच्या फोडातून बाहेर येई आणि रोगी पायविहिरीत उतरला की अळ्या पाण्यात पसरत. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात जात आणि तो जलचर पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात. सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे कापडावर अडकण्याइतका मोठा. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे आणि पाणी गाळणे या साध्या उपायांनी रोग हटला. 1996 नंतर भारतात नवा रोगी आढळला नाही आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पटकीसाठीही हाच उपाय करून पाहिला गेला. बांगलादेशात मतलब भागातल्या 65 गावांत संशोधक रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळायला लावले. पटकीचे जंतू पाण्यातल्या प्लवकांना चिकटून असतात. धुऊन धुऊन विरलेल्या साडीचे धागे सैलावून छिद्रे बारीक होतात, त्यामुळे नव्या कापडापेक्षा जुनेच बरे ठरले. पटकीचे रोगी 48 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला.

घागरीपर्यंत दोन्ही गाळणी सारखीच. फरक आहे तो फडक्यावर जे उरले त्याचा. श्रावक ते विहिरीत परत सोडतो, तर रोग टाळणारी आई तेच कापड धुऊन उन्हात वाळत घालते आणि सायक्लॉप्स मरतो. केवळ हेतू मोजला तर ती निर्दोष ठरते. पण हेतूवरच सगळे सोडण्याला सूत्रकृतांग या जैन आगमात बौद्धांशी वाद घालून हरकत घेतली आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना ‘प्रमत्तयोग’ हा शब्द मध्ये आणला : बेसावधपणे वागून प्राण घेणे. हे माप अधिक न्याय्य वाटते, कारण ते हेतू विचारते आणि हातही पाहते. मुलाच्या पेल्यातले पाणी रोज चार पदरांतून गाळणारी बाई बेसावध नाही. जैन वर्गवारीत गृहस्थाने सोडायची ती संकल्पी हिंसा. घरकामात घडणारी आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, असे धरलेले आहे. उन्हात वाळणारे कापड या दुसऱ्या प्रकारात बसते. म्हणून ती हिंसा नाहीच असे मात्र होत नाही, आणि जिवाणीची आठवण ठेवायची ती यासाठीच.

आज अडचण वेगळी आहे. अनेक जैन घरांत नळाच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधलेली असते, पण पाणी ज्या धरणातून आले तिथे जिवाणी नेणार कोण? दिगंबर मंदिरांपैकी काहींनी आपली विहीर म्हणूनच बुजू दिलेली नाही. पहाटे अभिषेकाचे पाणी तिथून काढतात, दुहेरी फडक्यातून गाळतात, आणि मग कड्याची बादली दोर सोडत सोडत पुन्हा खाली जाते.