सांगणे थांबवून विचारून पाहा

घरातील तरुण मुलाची तंबाखू सुटावी म्हणून आपण त्याला किती वेळा समजावले असेल! दुष्परिणाम सांगितले, शपथा घातल्या. तो मान खाली घालून ऐकतो आणि पुडी खिशातच राहते. त्याला कळत नाही असे नाही. पण तो निश्चय आपला असतो, त्याचा नसतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. काळीज, मूत्रपिंड असे नावडते भाग गृहिणींनी शिजवावेत म्हणून मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी प्रयोग केला. (उदाहरण आपल्याला रुचणारे नाही, पण मनाचा स्वभाव त्यातून दिसतो.) काही गटांना व्याख्यान दिले, काहींना आपसांत चर्चा करू दिली आणि शेवटी, करून पाहणार असाल तर हात वर करा, असे सांगितले. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३ टक्के स्त्रियांनी घरी ते पदार्थ केले, चर्चा करून स्वतः ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्के. ३२ म्हणजे काही शंभर नव्हेत, हेही ध्यानात असू द्या.

आज रात्री मुलाजवळ बसा. तंबाखू सोडावी असे त्याला स्वतःला कधी वाटले होते का, एवढेच विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. मध्येच आपल्या जिभेवर उपदेश येईल. तो तेवढा गिळा.