दाखवणाऱ्याची नीती

ब्रिटनच्या संसद-सदस्यांनी भत्त्यांपोटी उचललेल्या रकमांचे कागद २००९ च्या जून महिन्यात अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. सदस्यांचे पत्ते झाकणे सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय वाटेल. परंतु पत्ता झाकला की कोणत्या सदस्याने कोणते घर ‘दुसरे घर’ म्हणून दाखवले आणि सोयीनुसार ते केव्हा बदलले, हेही झाकले जाते. त्या प्रकरणातला एक मोठा गैरप्रकार नेमका हाच होता. तो लोकांना कळला, कारण ‘डेली टेलिग्राफ’ने फुटलेल्या मूळ प्रतींवरून आधीच्या महिन्यातच मजकूर छापला होता. ‘गार्डियन’पाशी त्या प्रती नव्हत्या. त्याच्यापाशी होती ती सर्वांना उपलब्ध असलेली, काळ्या पट्ट्यांची, साडेचार लाखांहून अधिक पाने. त्या पत्राने ती सारी पाने वाचकांपुढे ठेवली. ज्याला जितकी जमतील तितकी त्याने वाचावीत आणि प्रत्येक पानावर चारांपैकी एक शेरा द्यावा: यात काही नाही, यात काही आहे, आहे पण ठाऊक झालेले आहे, किंवा याचा शोध घ्या. ही सोय एका छोट्या गटाने आठवडाभरात उभी केली. सायमन विलिसन हे संगणक-आज्ञावलीकार त्या गटात होते.

सत्य शोधून सांगणे हे वृत्तपत्राचे काम, असे आपण समजत आलो. येथे वृत्तपत्र सांगत नव्हते. केवळ दाखवत होते. या दोन क्रियापदांमधले अंतर वरवर वाटते तेवढे लहान नाही. मराठीत ‘दाखवणे’ या शब्दाला पूर्वीपासूनच संशयाची एक छटा चिकटलेली आहे. दाखवायचे दात वेगळे असतात. नैवेद्य देवाला दाखवला जातो आणि खाणारा मात्र दाखवणाराच असतो. शासनसंस्थांच्या माहिती-प्रकाशनाची तऱ्हा बहुधा या नैवेद्यासारखी असते: कागद बाहेर आलेला असतो, नियम पाळला गेलेला असतो, आणि तरी पाहणाऱ्याच्या हाती काही पडलेले नसते. तेव्हा प्रश्न असा की, दाखवणे प्रामाणिक केव्हा होते? आणि ते प्रामाणिक झाल्यावर तरी निरुपद्रवी होते काय?

विलिसन यांची पुढची कारकीर्द या प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे, मग त्यांनी तो या शब्दांत मांडला असो वा नसो. त्यांचा पिंड वृत्तपत्राच्या कचेरीत घडला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी यांच्यासमवेत त्यांनी ‘जँगो’ या आज्ञावली-चौकटीचा पाया घातला. ती २००५ मध्ये सर्वांना खुली झाली आणि जगभर पसरली. पुढे ‘गार्डियन’मध्ये बातम्यांमागची आकडेवारी वाचकांना देण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा ती साध्या कोष्टकांच्या रूपाने दिली जाई. त्याहून अधिक चांगली रीत असली पाहिजे, ही रुखरुख त्यांच्या मनात राहिली. २०१७ च्या नोव्हेंबरात तिचे उत्तर म्हणून ‘डेटासेट’ हे साधन त्यांनी प्रसिद्ध केले. ‘डेटा’ आणि ‘कॅसेट’ यांच्या संकरातून झालेले हे नाव १९८० च्या दशकातील कमोडोर संगणकाच्या कॅसेट-यंत्रावरून घेतलेले आहे. (देवनागरीत ते ‘माहितीचा संच’ या अर्थाच्या नेहमीच्या इंग्रजी शब्दासारखेच दिसते, हा योगायोग अर्थाला धरूनच आहे.) २०१९-२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या अधिछात्रवृत्तीमुळे त्यांना या कामासाठी मोकळा वेळ मिळाला आणि त्यानंतर एक स्वतंत्र आज्ञावलीकार म्हणून त्यांनी ते वाढवत नेले.

साधनाची रचना समजून घेण्यासाठी संगणकाचे फारसे ज्ञान लागत नाही. नोंदींचा संग्रह एका धारिकेत असतो. ते साधन ती धारिका वाचते आणि महाजालावर उघडी करते. तिच्यातील प्रत्येक तक्त्याला, एवढेच नव्हे तर तक्त्यातील प्रत्येक ओळीला, स्वतःचा कायम पत्ता मिळतो. एखाद्या रकान्यातील मूल्ये किती वेळा येतात याची मोजदाद ते आपण होऊन करते. पाहणारा त्यातले एक मूल्य निवडतो, मग दुसरे, आणि लाखभर ओळींची गर्दी गाळणीतून उतरावी तशी निवळत जाते. याही पलीकडे पाहणाऱ्याला स्वतःचा प्रश्न रचता येतो. नोंदींना विचारायची भाषा तेवढी त्याला अवगत हवी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे: तो प्रश्न त्या पत्त्यातच लिहिला जातो. कोणी दुसऱ्याला आपला निष्कर्ष पाठवला, तर त्याबरोबर तो कसा काढला हेही जाते. घेणारा त्या प्रश्नातली एक अट बदलून पाहू शकतो, आणि निष्कर्ष कोसळतो की टिकतो हे त्याला स्वतःलाच कळते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्याने हाताळली आहे, त्याला पानाच्या खालचा बारीक टंकातला पाठभेदांचा पसारा आठवेल. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाठ स्वीकारला. पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. कोणत्या हस्तलिखितात काय आहे हे प्रत्येक श्लोकाखाली नोंदवले, आणि जेथे स्वतःचीच खात्री पुरती नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ काढली. त्या रेघेत संपादकाची नम्रता आहे असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः ती नम्रतेपेक्षा कठोर अशी गोष्ट आहे. संपादक तिच्याद्वारे स्वतःला खोटे ठरवण्याचे हत्यार वाचकाच्या हाती देतो. ज्याला सुकथनकरांचा निर्णय पटत नाही, त्याला तो मोडून काढण्यासाठी पुण्याला जाऊन पोथ्या धुंडाळाव्या लागत नाहीत. ते सामर्थ्य त्याला त्यांच्याच पानावर मिळते. दाखवण्याची प्रामाणिकता हीच: दाखवणारा वस्तूबरोबर आपले पाहणेही उघडे ठेवतो. विलिसन यांच्या साधनात प्रश्न पत्त्यात लिहिला जातो, तो याच कुळातला.

येथे थांबले असते तर प्रकरण सोपे होते. परंतु महाभारताच्या पाठभेदांना वेदना होत नाहीत. तक्त्यातील ओळ पुष्कळदा एक माणूस असते.

२०१२ च्या डिसेंबरात कनेटिकट राज्यातील न्यूटाउन येथे शाळेत झालेल्या गोळीबारानंतर ‘जर्नल न्यूज’ या न्यूयॉर्क राज्यातील दैनिकाने शेजारच्या दोन परगण्यांतील पिस्तूल-परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर मांडले. ती माहिती कायद्याने सार्वजनिक होती. अर्ज करून कोणालाही ती मिळाली असती. पत्राने चोरी केली नव्हती, खोटे छापले नव्हते. केवळ दाखवले होते. तरीही असा गदारोळ उठला की पुढच्या महिन्यात ती नावे काढून घ्यावी लागली. डेटासेटचा या घटनेशी काही संबंध नाही, ते त्यानंतर पाच वर्षांनी आले. पण असल्या प्रत्येक साधनाला ही घटना एक प्रश्न विचारते. कचेरीच्या कपाटात असलेली आणि बोटाच्या एका स्पर्शाने मिळणारी माहिती तीच असेल, तर बदलले काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका व्यक्तीच्या गुन्हे-नोंदीसंबंधीच्या खटल्यात याचे उत्तर देऊन ठेवले होते: ठिकठिकाणच्या न्यायालयांत विखुरलेल्या नोंदी वेगळ्या आणि त्याच नोंदी एकत्र गोळा करून केलेला गोषवारा वेगळा, पहिल्या सार्वजनिक आहेत म्हणून दुसराही सार्वजनिक ठरत नाही. शोधण्याचे कष्ट हीच आजवर सामान्य माणसाची भिंत होती, आणि ती कोणी हेतुपूर्वक बांधलेली नसल्यामुळे ती पडल्याचेही कोणाच्या चटकन ध्यानात आले नाही. शोध सुलभ करणारा ही भिंत पाडतो, तेव्हा त्याने नवे काहीच उघड केले नाही हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आणि नैतिकदृष्ट्या अपुरे असते.

यावर सुरी आणि लोहार यांचा दृष्टांत देण्याची सवय आहे. सुरीने भाजी चिरावी की गळा, हे लोहाराने ठरवायचे नसते. विलिसन यांनी साधनाला जो मुक्त परवाना दिला आहे, तोही हेच म्हणतो. कोणी, कशासाठी वापरावे यावर त्यात बंधन नाही. मात्र दृष्टांत लंगडा आहे. पाहण्याच्या साधनात त्याच्या कर्त्याचे निर्णय आधीच भरलेले असतात: काय आपोआप मोजले जाईल, कोणते दार मुळात उघडे असेल, कोणते लावून घ्यावे लागेल. या साधनात आरंभापासून कोणाही आगंतुकाला वाटेल तो प्रश्न विचारण्याची मुभा ठेवलेली होती. कोणाला काय पाहता यावे याची तपशीलवार व्यवस्था २०२० मध्ये आली. तोपर्यंतच्या रचनेचा अर्थ असा की, धारिकेत एकदा घातलेली गोष्ट पानावर न दाखवल्याने लपत नसे. काळा पट्टा ओढण्याची सोय नाही. जे दाखवायचे नाही ते आत घालायचेच नाही. ही उणीव म्हणावी, तशी ती आहे. पण तिने एक उपकारही केला. प्रसिद्ध करणाऱ्याला विचार नंतर करता येत नाही, आधीच करावा लागतो. अर्धवट झाकून आपण सभ्यपणे वागलो असे समाधान त्याला मिळत नाही. ब्रिटिश संसदेला तेच समाधान मिळाले होते.

मोठ्या कंपनीत असा निर्णय समितीचा असतो आणि समितीला विवेक नसतो, इतिवृत्त असते. एकट्याने काम करणाऱ्याला ही पळवाट नाही. स्वातंत्र्याची ही किंमत फारशी मोजली जात नाही.

विलिसन यांनी हीच गाळणी स्वतःवरही चालवून पाहिली, ही गोष्ट या संदर्भात गौण नाही. ‘डॉगशीप’ या नावाने त्यांनी आणखी काही साधने लिहिली. निरनिराळ्या कंपन्यांपाशी साठलेल्या आपल्याच नोंदी, म्हणजे छायाचित्रे, प्रकृतीची मोजमापे, कोठे कोठे गेलो त्याचा हिशेब, परत मिळवून आपल्याच संगणकावर तपासण्यासाठी ती आहेत. पाहणारा आणि पाहिला जाणारा येथे एकच. दुसऱ्याच्या ओळीकडे पाहण्याआधी स्वतः ओळ होऊन पाहण्याचा हा प्रयोग सर्वांना परवडणारा नसेल. तो करावासा वाटला, हे पुरेसे बोलके आहे.

आणि शेवटी झाडे. सॅन फ्रान्सिस्को नगरपालिका रस्त्याकडेच्या वृक्षांची यादी प्रसिद्ध करते. यादीत जवळजवळ दोन लाख झाडे आहेत, प्रत्येकाची जात आणि जागा नोंदलेली. यादी अद्ययावत होते, आणि अद्ययावत होताना कालची पुसली जाते. नगरपालिकेने काहीही लपवलेले नसते. तिने फक्त आज दाखवलेला असतो. विलिसन यांनी २०१९ मध्ये एक छोटी व्यवस्था लावली: ती यादी ठरल्या वेळी आणायची, कालच्या प्रतीशी ताडून पाहायची आणि दोहोंतला फरक तारखेसह जपून ठेवायचा. कोणते झाड लागले, कोणत्याची नोंद दुरुस्त झाली, कोणते यादीतून गेले, हे त्यामुळे दिसू लागले. झाड वाऱ्याने पडले, रोगाने वाळले की कोणाच्या बांधकामाला आड आले, हे मात्र त्या यादीत शोधून मिळत नाही. त्यासाठी तो पत्ता घेऊन कोणाला तरी त्या रस्त्यावर जावे लागते आणि शेजारच्या दारात विचारावे लागते.