पाट, पायरी आणि दहा सिटिंग

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिली : फिजिओथेरपी, १० सिटिंग. आम्हीही ती गोळ्यांसारखीच वाचली. दहा दिवस रिक्षाने नेलं, आणलं. तिथे आधी शेक, मग ‘करंट’, आणि शेवटची पाच मिनिटं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. दहाव्या दिवशी दुखणं निम्म्यावर आलं. व्यायामाची चित्रं असलेला कागद फ्रिजवर चुंबकाखाली गेला आणि तिथेच पिवळा पडला. चार महिन्यांनी गुडघे होते तिथेच आले. “फिजिओचा काही उपयोग झाला नाही,” आई म्हणाली, आणि मीही मान डोलावली.

आता वाटतं, चूक त्या दहाच्या आकड्यात होती. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली जाणवते ती बरीचशी मेंदूची आणि नसांची करामत असते. आहे तोच स्नायू जास्त नीट कामाला जुंपला जातो. स्नायू खरोखर भरायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. दुखणं मात्र त्याच्या आधीच ओसरतं, आणि आपण दुखणं हेच माप धरून बसलेलो. म्हणजे औषध लागू पडायच्या बेताला आपण ते बंद करतो आणि वर औषधाला नावं ठेवतो.

या विद्येचा आपल्याकडचा उगम पाहिला तर हे आणखी विचित्र वाटतं. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ साली मुंबईत, केईएममध्ये सुरू झालं, आणि त्यामागे पोलिओची साथ होती. पोलिओ झालेल्या मुलाचं काम दहा दिवसांत आटपणार कसं? पायाला कॅलिपर लावून पोर उभं राहील, शाळेत जाईल, हे समोर ठेवून घरचे आणि फिजिओ मिळून वर्षानुवर्षं खपायचे. पुढे पोलिओ गेला, कंबर, मान, गुडघे आले, आणि तीच विद्या वेदनाशामक गोळीच्या शेजारी जाऊन बसली. यंत्रं आली, कारण पेशंटला यंत्र दिसतं. नुसता पाय उचलायला लावणाऱ्या फिजिओला फी देताना आपला हात जड होतो. एवढं तर मी घरीही केलं असतं, असं वाटतं. (केलं नसतं, हा भाग वेगळा.)

पैशांचं म्हणाल तर विम्याचा न्याय अजबच आहे. गुडघा बदलायचे लाखो रुपये तो देतो; ती वेळ लांबावी म्हणून महिनोन्महिने जो व्यायाम करायचा, त्याची फी सहसा आपल्याच खिशातून जाते.

दुसऱ्या खेपेला आई गेली ती एका तरुण मुलीकडे. तिने यंत्राला हात लावण्याआधी विचारलं, “आजी, पायांनी काय करायचं राहिलंय?” आईने क्षणाचाही विचार केला नाही. “एसटीत चढायचंय. माहेरी जायचंय.” मी चाट पडलो. आईला गाडीने कधीही सोडलं असतं. पण तिला एसटीनेच, एकटीने जायचं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटी फुकट आहे, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. तिकीट सरकारने माफ केलं होतं. पायरी केली नव्हती. ती पहिली पायरी किती उंच असते हे धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही.

मुलीने घरात पाट आहेत का विचारलं. माळ्यावर चार निघाले, शिसवी, पितळी फुलांचे. भिंतीशी एक पाट, खिडकीच्या गजाला हात, एक पाय वर, मग दुसरा, आणि उतरताना सावकाश. तिचा सगळा जोर या सावकाश उतरण्यावर. रोज दहा वेळा, दोनदा. तीन आठवड्यांनी दुसरा पाट पहिल्यावर, सरकू नये म्हणून मध्ये ओली फडकी.

आईची तक्रार ठरलेली होती : “दिवसभर उभीच तर असते, आणखी व्यायाम कसला?” बायकांच्या बाबतीत सगळं घर हे बोलतं, आणि ते खोटं आहे. घरकाम दमवतं. पण ओट्याची उंची तीच, कळशीचं वजन तेच. शरीराला नवं काही पेलावं लागत नाही, म्हणून ते नवी ताकद कमवत नाही. पाट मात्र वाढत जातो.

“या वयात कसली ताकद?” हा माझा स्वतःचा प्रश्न होता. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात जिथून सुरुवात झाली ती पातळीच तळाची होती, त्यामुळे टक्क्यांनी दिपून जायला नको. पण त्यातल्या दोघांची काठी सुटली, ती टक्क्यांची भाषा नव्हे.

झिजलेली कूर्चा पाटांनी परत आली नाही. आईचा गुडघा आजही पावसाळ्यात कुरकुरतो, जिना उतरताना वाजतो. पण आता गुडघा दुखतो का, असं आम्ही तिला रोज विचारत नाही; कितव्या पाटावर आलीस, असं विचारतो. घरातल्या बोलण्यात झालेला हा बदल मला औषधाइतकाच मोठा वाटतो.

तिसऱ्या पाटाला पाचवा महिना लागला. गौरींच्या आधी ती एसटीने माहेरी जाऊन आली. चढताना मागच्या बाईने कोपराला हात दिला, तो तिला आवडला नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी पाट पंगतीला नेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हाक आली, “पाट कुठे ठेवलेत रे?”